उतराई

पाचव्यांदा आलीस तेव्हा तुझ्या जिभेखाली नाणं नव्हतं.
मी रीतीप्रमाणे वल्हं आडवं धरलं.
"लांब्रिनी, आता तरी मेलीस ना?"
"नाही," म्हणालीस, आणि बूट काढून त्यातलं पाणी
माझ्याच नावेत ओतलंस.

पहिल्यांदा आलीस ती बारा वर्षांची,
तैनारोच्या गुहेत शिरलेल्या बकरीमागे.
बकरी परत गेली. तू प्रश्न विचारत बसलीस.
दुसऱ्यांदा माझं वल्हं पळवलंस.
तिसऱ्यांदा पायरीवर बसून
तीन डोक्यांच्या कुत्र्याला सुकवलेला ऑक्टोपस भरवलास,
प्रत्येक तोंडाला सारखा, मोजून.
चौथ्यांदा तू एक शब्द बोलली नाहीस.
त्या खेपेला मी दिकेओसला नेलं.
सतरा वर्षांचा पोरगा, छातीवर विजेचा काळा डाग.
नावेच्या टोकाला बसून वर बघत राहिला,
जिथे दगडाशिवाय काही नाही.

वरची लढाई संपत आली, हे मला गिऱ्हाइकांवरून कळलं.
आधी माणसं. मग कमरेखाली घोडे असलेले.
मग एका रात्री खुद्द आभाळाचे मालक,
अंगरख्यात खिसे शोधत.
पैसे द्यायची सवयच नव्हती त्यांना.
उधारीवर नेले.

"सिंहासन रिकामं आहे म्हणतात."
"मला बसवत होते," तू म्हणालीस.
"पण फार उंच आहे. तिथून आमचा धक्का दिसत नाही."

कशासाठी आलीस ते विचारायची गरज नव्हती.
नियम तुला ठाऊक होता, मलाही:
एकाला वर जायचं, तर दुसऱ्याने वल्हं धरायचं.
मी ते पुढे केलं.
खोटं कशाला बोलू, हात थरथरला.
तुझी कीव आली म्हणून नव्हे. किती युगं मी वाट पाहत होतो
की कुणीतरी मूर्ख ते घेईल.

तू घेतलंस. तोलून पाहिलंस,
तुझा बाप येरोलिमेनासला मासा तोलतो तसं,
आणि विचारलंस, "तुझं नाव काय?"

मुली, ही विसरायची नदी.
मी दुसरं पाणी प्यायलोच नाही.
नाव होतं. 'स' होता त्यात कुठेतरी.

पैलतीरी दिकेओस गुडघाभर पाण्यात उभा.
त्याने तुला ओळखलं नाही.
तेव्हा तू आईचं रडगाणं धरलंस,
जे ती त्याच्या शवपेटीपाशी गायली होती,
आठ-आठ अक्षरांच्या ओळी, मानीतल्या बायका बांधतात तशा,
मेलेल्याची स्तुती आणि मेलेल्यावरचा राग एकाच दमात.
तुझा सूर वाईट होता. फारच वाईट.
तू सायकलीच्या ओळीवर आलीस,
जी त्याने उसनी नेली आणि समुद्रात घातली,
तेव्हा त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"ब्रेक आधीच गेलेले होते," तो म्हणाला.

मग तुम्ही दोघं काय बोललात ते मी ऐकलं नाही.
नावाड्याला न ऐकण्याची सवय असते.
पण शेवटी वल्हं त्याच्या हातात होतं.
"परत येऊन मी कोण होऊ?" तो म्हणत होता.
"इथे रोज घाबरलेली माणसं येतात.
या म्हाताऱ्याने कधी कुणाला बस म्हटलं नाही."
आणि तुला: "उशिरा ये. खूप उशिरा.
तुझ्याकडून नाणं घेणार नाही."

नियम सोपा आहे, पण कुणाला वर जायचं
ते त्यात लिहिलेलं नाही.

तू रडत होतीस आणि माझं मनगट सोडत नव्हतीस.
चढ उभा. माझ्या पायांना जमीन परकी.
बाहेर दीपगृह, त्याच्यामागे काहीतरी पांढरं, गरम,
सगळीकडून एकदम.
मी त्याला शिवी दिली.
नंतर कळलं, त्याला सकाळ म्हणतात.

वाटेत निवडुंगाला लाल फळं होती.
भूक काय असते ते आठवलं, आणि मी हात घातला.

आता तुमच्या पायरीवर बसलोय.
तुझे डोळे सुजलेत, हातात चिमटा आहे.
एकेक कूस काढतेस
आणि दर वेळी बशीत ठेवतेस,
जणू मोजणार आहेस.
"किती झाली उतराई?" मी विचारतो.
"हलू नकोस," म्हणतेस.
"अंगठ्यात अजून तीन आहेत."